बोट ठेवायची जागा

पाट्या एकवीस होत्या. त्यांतल्या चौदा दगडी, पाच पत्र्याच्या, दोन पुठ्ठ्याच्या. सहांचे कोपरे फुटलेले, एकीची चौकट तारेनं आवळलेली. फळ्यावर प्रश्न एकच होता : पानझडीच्या अरण्यातील झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडी का दिसतात? धडा दोनदा वाचून झाला होता, एकदा गुरुजींनी आणि एकदा सगळ्या चौथीनं मिळून, सुरात. एकवीसपैकी अठरा पाट्यांवर दोनच शब्द होते : झाडं मेली. एक पाटी कोरी होती. एकीवर शेळीचं चित्र होतं, शेळीला पाच पाय होते. आणि एकीवर, ती म्हाळसाची, 'झाडं मेली'च्या खाली आणखी एक ओळ होती : गुरुजीनं सांगितलं.

गोरोबाला राग आला नाही, आश्चर्य वाटलं. बी.एस्सी.ला त्याचा विषय वनस्पतिशास्त्र होता. नोकरी कुठंच लागेना म्हणून कळंबहून तो ढोकीजवळच्या या वाडीवर बदली शिक्षक म्हणून आला होता, ढोकीत खोली घेऊन राहत होता, पण उघडं झाड आणि मेलेलं झाड यांतला फरक आपल्याला कळतो एवढी त्याची स्वतःबद्दल खात्री होती. "म्हाळसा," तो म्हणाला, "मी असं कधी सांगितलं?" मुलगी उभी राहिली. दहा वर्षांची, काटकुळी. वाडीवरच्या धुळाप्पा धनगराची थोरली. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघायची, जणू खरं काय ते हातातच असतं.

"आज न्हाय, गुरुजी. तवा. तळ्याच्या कामावर."

"तवा तुमाला मिशी नव्हती," मागून कोंडिबा म्हणाला आणि वर्ग खिदळला.

"डोक्याला पांढरी टोपी व्हती," म्हाळसा म्हणाली. "मोईच्या झाडाची डहाळी मोडली आन् म्हणला, हे मेलंय, तोडा."

हसणं चालूच होतं, आणि त्या हसण्याच्या मधोमध गोरोबाला तो बारीक आवाज पुन्हा ऐकू आला, वाळकी काडी मोडल्याचा. दोन वर्षं तो आवाज त्याच्याकडंच होता. जूनमध्ये नेमणुकीचा कागद हातात पडला आणि त्यावर या वाडीचं नाव दिसलं, तेव्हा कागद परत करावा असं क्षणभर वाटलं होतं. मग त्यानं स्वतःला समजावलं की कॉलेजचं दहा दिवसांचं श्रमदान शिबिर, शंभरावर पोरं, सगळ्यांच्या डोक्याला एकसारख्या टोप्या; कोण कशाला ओळखतंय? आठ महिने कुणी ओळख दाखवली नव्हती. सकाळी वाडीत शिरताना बायका 'गुरुजी आले' म्हणून पदर सावरत, पुरुष विडी पाठीमागं घेत, आणि तो त्या आदराच्या आडोशानं सुखरूप शाळेपर्यंत पोचत होता. आता कळलं, की पहिल्या दिवसापासून एकवीस पोरं आपल्याला ओळखून होती. त्यांना त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नव्हतं इतकंच. शिकलेल्या माणसानं एक गोष्ट सांगितली होती, त्यांनी ती लक्षात ठेवली होती, आणि आज प्रश्न आल्यावर चोख परत केली होती.

त्र्याहत्तरचा जानेवारी. त्या साली डोंगराखाली पाझर तलावाचं काम चालू होतं आणि सबंध वाडी त्या कामावर होती. माती उपसणाऱ्या बायकांच्या रांगा, ढेकळं फोडणारे म्हातारे, आणि बांधाच्या कडेला चिंध्यांच्या सावलीत ठेवलेली लेकरं. दुपारी एका मोठ्या कढईत लाल मिलोच्या, त्या परदेशी जोंधळ्याच्या, कण्या शिजत. मिलोला एक कडवट, पोत्याचा वास होता. तो वास त्याच्या टोपीला लागला आणि घरी आल्यावर आईनं टोपी तीन पाण्यांतून काढली तरी गेला नाही. सातव्या दिवशी जळण संपलं. काटक्या, शेण, बाभळीची मुळं, सगळं आधीच जाळून झालं होतं. तलावाच्या पोटात एक मोई उभी होती, दोन माणसांच्या कवेत मावेल न मावेल अशी, पानाचा टिपूस नाही. विठाबाई म्हणून एक म्हातारी कढईपाशी असायची. तिनं त्यालाच गाठलं. "लेकरा, तू झाडाझुडाचं शिकतूस म्हनं. बघ की, हे जितं हाय का मेलं?" सगळे थांबले. फावडी थांबली. त्यानं हात वर केला, हाताला आली ती खालची डहाळी मोडली. काट्कन मोडली. आत पांढरी, कोरडी. "मेलंय," तो म्हणाला. "तोडा."

एक डहाळी. सगळ्यांत खालची, वरच्यांच्या सावलीत कधीच वाळून गेलेली. पुढं परीक्षेचा अभ्यास करताना पुस्तकात 'नमुना' हा शब्द आला की त्याचं बोट तिथं अडखळायचं. त्या दिवशी कुऱ्हाडीच्या चौथ्या घावाला साल उघडली, आतून तांबूस निघाली, आणि त्या तांबड्यातून डिंक वर यायला लागला, सावकाश, जखमेतून रक्त येतं तसा. त्यानं पाहिलं. विठाबाईनंही पाहिलं. तिनं तर्जनीनं तो डिंक टिपला, बोटं एकमेकांना लावून चिकटपणा पाहिला, आणि पदराला हात पुसला. "शिकलेलं मानूस म्हनतंय," ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "म्हंजी मेलंच असंल." त्या लाकडाचा धूर इतका झाला की कढईभोवती कुणाला कुणाचं तोंड दिसेना. ओलं लाकूड. लेकरं खोकत होती, डोळे पुसत होती आणि कण्या खात होती. दहाव्या दिवशी त्याला गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं.

आणि आता ती धुरात खोकणारी लेकरं चौथीत होती. एरवी एखाद्या वर्गानं एखादं उत्तर चुकवलं तर जग बुडत नाही. पण पौषात शिक्षण विस्तार अधिकारी महालिंगप्पा आपल्या राजदूत मोटारसायकलवरून येऊन गेले होते. माणूस वाईट नव्हता. मुलांना खिशातून शेंगदाणे देणारा. त्यांनी कोल्ह्याचा एक धडा वाचायला लावला, पोरांनी खडाखड वाचला. मग त्यांनी विचारलं, कोल्हा विहिरीत कशानं पडला? पोरांनी सांगितलं, पाणी आटलं होतं म्हणून बघायला गेला. धड्यात तसं अक्षर नव्हतं. "दुष्काळातली पोरं आहेत, मास्तर," महालिंगप्पा बाहेर येऊन म्हणाले. "अक्षर ओळखतात, वाचत नाहीत. वर ढकलून उपयोग काय? बारा एप्रिलला येतो. अनोळखी उतारा देईन. ज्याला समजेल तो पाचवीला, बाकीचे राहतील इथंच." इथंच म्हणजे काय, ते गोरोबाला हजेरीपटावरून ठाऊक होतं. मागल्या वर्षी सात पोरं नापास होऊन इथंच राहिली होती. त्यांतली सहा दसऱ्यानंतर आईबापांबरोबर कारखान्याच्या उसात गेली, उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधायला, धाकटी भावंडं सांभाळायला, आणि परत आली ती शाळेत आली नाहीत. पटावर त्यांची नावं अजून होती, आधीच्या गुरुजींच्या तिरक्या अक्षरात, आणि नावांपुढं रकानेच्या रकाने रिकामे. धुळाप्पानं तर तोंडावर सांगितलं होतं : "पास झाली तर जाऊ द्या ढोकीला. न्हाय तर पोरगी हाताशी आलीया, फुकट बसवून काय करू?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तो साडेचार किलोमीटर चालत ढोकीला गेला आणि कुठल्या वळणावर काय लागलं ते त्याला नंतर आठवेना. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला तेव्हा गाव आलं असं समजलं. खोलीत त्यानं धडा उघडला आणि पोरांच्या जागी बसून वाचायचा प्रयत्न केला. हिवाळा सरता सरता जमिनीतील ओलावा कमी होतो. झाड आपली पाने गाळून आपल्याजवळचे पाणी राखते. फांदीच्या टोकाशी कळी मिटून असते. उत्तर तिसऱ्या परिच्छेदात, उजेडात ठेवल्यासारखं पडलं होतं. आणि एकवीस जणांना ते दिसलं नव्हतं, कारण त्या ओळींवर एक तोडलेलं झाड आडवं पडलं होतं. ते कुणी पाडलं, हे त्याला आता विचारावं लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो फळ्यापाशी उभा राहिला. आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "मोईचं मी चुकीचं सांगितलं होतं. ते झाड जिवंत होतं." त्याला वाटलं होतं काहीतरी होईल. पोरं नुसती बघत राहिली. बना नावाची मुलगी, कधी न बोलणारी, तिनं विचारलं, "मंग आता पाटी पुसायची का?" "पुसू नका," तो म्हणाला. "चला माझ्याबरोबर."

तलावात पाणी ढोपरभर होतं. मोईचा बुंधा आटलेल्या पाण्याच्या काठाला होता आणि त्याच्यातूनच फुटलेले नऊ फोक भोवतीनं वर गेले होते, सगळ्यांत उंच गोरोबाच्या डोक्यावरून हातभर. दोन पावसाळ्यांचे. शेरडांनी ते कधीच फस्त केले असते, पण दुष्काळानं वाडीत शेरडंच फार ठेवली नव्हती. फोकांवर एक पान नव्हतं. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. "दुसरं झाड," कोंडिबा म्हणाला. "ते मेलं, आन् ह्ये त्याच्या जागेवर उगवलं. पावसात पानं व्हती ह्याला." "आता?" "आता ह्ये बी मेलं." एवढं सरळ. दरवर्षी एक झाड मरतं आणि त्याच्याच पायाशी दुसरं उगवतं. दोन वर्षं ही पोरं अशा जगात राहत होती आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. तो त्यांना हसू शकला नाही. त्यानं म्हाळसाला नखानं साल खरवडायला सांगितली. तिनं खरवडली, आणि हात तसाच राहिला. खाली हिरवं होतं. मग सगळ्यांनी खरवडून पाहिलं, प्रत्येक फोक, वर, मध्ये, खाली. नऊ फोकांवर सत्तावीस ठिकाणी, त्यानं मोजायला लावलं. सव्वीस ठिकाणी हिरवं. एक काडी कोरडी निघाली, सगळ्यांत खालची. कोंडिबानं ती मोडून त्याच्या हातात दिली. "गुरुजी, तुमाला हीच गावली व्हती," तो म्हणाला, आणि या वेळी गोरोबाही हसला.

पान गळालेल्या जागी फांदीवर एक वण राहतो, त्यात बारके ठिपके असतात. पाणी ज्या वाटांनी पानात जायचं त्यांची तोंडं. त्यानं ते दाखवले. पोरं एकेका वणावर बोट ठेवून ठिपके मोजू लागली, आणि त्यांची बोटं पाहताना त्याला सुचलं, की वाचणंही असंच करून घेता येईल. शाळेत परतल्यावर नियम केला : उत्तर सांगायचं तर आधी पुस्तकात त्याच्यावर बोट ठेवायचं. पुस्तकात बोट ठेवायला जागा मिळाली, की ते धड्याचं उत्तर. न मिळाली, तर ते आपलं. आपलं खोटं असतं असं नाही, पण ते आपलं. हा भेद समजायला पंधरा दिवस गेले. उत्तर आधी तोंडातून उडायचं आणि बोट मागाहून धावायचं. कधी बोट रिकाम्या समासात जाऊन थांबायचं आणि पोरं तिथं खाली वाकून बघत बसायची. फाल्गुन चढत होता. मोईच्या बोडक्या टोकांना मोहरासारखे पिवळट तुरे आले, आणि एक दिवस बनानं त्या ओळीवर बोट ठेवलं, 'फांदीच्या टोकाशी', आणि दुसऱ्या हातानं खिडकीबाहेर तळ्याकडं दाखवलं. म्हाळसाची तक्रार वेगळीच होती. धड्यातल्या चित्रात झाडाखाली पानांचा सडा होता. "येवढी पानं पडल्यात आन् एक शेरडू न्हाय?" ती म्हणाली. "मंग ह्ये चित्र खोटं." "खोटं नाही," गोरोबा म्हणाला. "चित्रकारानं शेरडं पाहिली नसतील." "मंग त्यानं बोट कशावर ठिवलं?" "ते मला माहीत नाही," गोरोबा म्हणाला. असं सांगणं आता त्याला जमायला लागलं होतं.

चैत्राच्या सुरुवातीला धुळाप्पा वाटेत भेटला. चाळीस शेरडांपैकी त्याच्याजवळ अकरा उरली होती आणि तो त्यांच्यासाठी आकडीनं बाभळीचा पाला ओढत होता. राम राम झाला. गोरोबानं इकडचंतिकडचं काही न बोलता सांगून टाकलं, "धुळाप्पा, तुमची मोई जिवंत होती. मी उगाच तोडायला लावली."

धुळाप्पानं आकडी खाली टेकवली. "मला सांगताय व्हय, गुरुजी?" तो म्हणाला. "बारा वर्साचा हुतो तवापास्नं पाला ओढतोय. मोई मार्गेसरात उघडी हुती, मिरगाला पांघरून घेती. येवढं बी कळंना तर शेरडं काय वाऱ्यावर जगली?"

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"आन् काय बोलायचं? तिकडं कढई थंड पडलेली, हिकडं पोरं बोंबलत्यात." त्यानं खांद्यावरचा पंचा उलटा केला. "जित्या झाडाला कुऱ्हाड कोन लावनार? कुनाचाच हात उठंना. म्हातारी हुशार. म्हनली, त्या टोपीवाल्या पोराला इचारू. तो मेलंय म्हनला तर पाप त्याच्याकडं, जितं म्हनला तर तसंच निजू उपाशी." तो हसला, दात तंबाखूनं काळे झालेले. "तुमी म्हनला मेलंय. लई बरं केलं बघा."

शेरडं बाभळीवर तुटून पडली होती. गोरोबाला हलकं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. त्यानं एक काडी वाचली होती. या लोकांनी झाड वाचलं होतं, चूल वाचली होती, लेकरांची तोंडं वाचली होती, आणि वर त्यालाही वाचलं होतं, टोपीसकट. न वाचता मान हलवली ती फक्त लेकरांनी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की मोठ्या माणसांनी त्या दिवशी एकमेकांत काय ठरवलं. "पोरांना तरी सांगायचं," तो म्हणाला. धुळाप्पानं आकडी उचलली. "त्यांला सांगायला तुमी आलाव की," तो म्हणाला. "आन् आमची पोरगी घरी बी बोट ठिवती म्हनं. काल आयला इचारती, भाकरी करपली तर कुठं करपली, दाव. पाठीत धपाटा खाल्ला."

बारा एप्रिलला महालिंगप्पा आले. त्यांच्या पिशवीत जाड कागदावर लिहिलेले उतारे होते. प्रत्येक पोर एकटं आत जाई. गोरोबानं दाराशी उभं राहायचं, बोलायचं नाही. पंधरावी म्हाळसा. उतारा श्रावणातल्या अरण्याचा होता, अकरा ओळींचा. तिनं तो न गाता, एकेक शब्द उचलून वाचला. पहिले दोन प्रश्न झाले. दोन्ही वेळा बोट आधी गेलं, उत्तर मागून आलं. मग महालिंगप्पांनी विचारलं, "या अरण्यात वाघ कुठं राहतो?"

बोट पहिल्या ओळीपासून निघालं. गोरोबाला दारातून ते दिसत होतं, नखाखाली माती असलेलं, सावकाश सरकणारं. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दापाशी ते थांबलं, पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"साहेब, ह्यात वाघ न्हाय."

"नीट बघ. अरण्य आहे, वाघ असणारच. गुहेत राहतो, का पाण्याकाठी?"

साहेब शिकलेले होते. पँट-शर्ट, चष्मा, खिशाला दोन पेनं. त्यांनी दोन उत्तरं पुढं केली होती, त्यांतलं एक उचललं की सुटका होती. गोरोबाची मान आपोआप हलू पाहत होती, हो की नाही हेही ठरायच्या आत, आणि त्यानं चौकटीला पाठ घट्ट लावून धरली. म्हाळसा साहेबांच्या हातांकडं बघत होती. मग तिनं तोंडाकडं पाहिलं.

"डोंगरात असंल, साहेब," ती म्हणाली. "पर हितं बोट ठिवायला जागा न्हाय."

महालिंगप्पांनी कागद तिच्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचला. मग दुसऱ्या हातातला प्रश्नांचा कागद उलटून पाहिला. त्यावरचा तिसरा प्रश्न दुसऱ्याच उताऱ्याचा होता. बाहेर कुणीतरी शेंगदाण्याचं टरफल फोडल्याचा आवाज आला. "मास्तर," ते म्हणाले, "आतापर्यंत चौदा झाले. त्यांतल्या दोघांना मी याच उताऱ्यावर हाच प्रश्न विचारला. दोघं म्हणाले, गुहेत." त्यांनी त्या प्रश्नावर बोट ठेवलं. "त्यांना परत बोलवा. चूक माझी आहे." आणि खिशातून पेन काढून त्यांनी आधी म्हाळसाचं नाव लिहिलं.

जूनमध्ये ढोकीच्या शाळेत पाचवीच्या पटावर वाडीची सतरा नावं चढली, त्यांत मुली सात. चौघं चौथीत राहिले. वाडी ते ढोकी, साडेचार किलोमीटर, म्हाळसाला पहिल्या दिवशी एक तास वीस मिनिटं लागली. तेराव्या दिवशी अठ्ठावन्न.